गाडीत पोरांसाठी एलसीडी पाटी : पुणे ते वेंगुर्ला वापरून बघितली

आधी निकाल सांगून टाकते, म्हणजे ज्यांना घाई आहे ते मोकळे. साडेआठ इंची एलसीडी पाटी, ती बटण दाबलं की सगळं पुसलं जातं ती, लांबच्या प्रवासाला गाडीत घ्यावी का, तर घ्या. दोन पोरं असतील तर दोन घ्या, एक घेऊन "आळीपाळीने खेळा हं" म्हणायचं धाडस करू नका. पण ऑनलाइन रिव्ह्यूत जे लिहिलेलं असतं ना, की ही हातात दिली की पोरं चार तास गप्प, ते लिहिणाऱ्यांच्या रस्त्यात एकतर घाट नसणार नाहीतर पोरं त्यांची नसणार. माझ्याकडून सपाट हायवेला ५ पैकी साडेचार, घाटात शून्य, अंधार पडल्यावर पण शून्य. आता डिटेलमध्ये.

आमचा रस्ता म्हणजे पुणे ते वेंगुर्ला, माझं सासर. सातारा, कराड, कोल्हापूर, निपाणी, संकेश्वर, मग गडहिंग्लज-आजरा करत आंबोली उतरून सावंतवाडी. चारशेच्या आसपास किलोमीटर, आणि पोरं बरोबर म्हणजे थांबत थांबत अख्खा दिवस जातोच. नाताळच्या सुट्टीत गेलो. थोरली चौथीत आहे, धाकटा सिनियर केजीत. पुढे नवरा आणि सासूबाई, मागे दोन खिडक्यांना दोघं आणि मध्ये मी, म्हणजे रेफरी. मधल्या सीटवरच्या बाईने पाय कुठे ठेवायचे याचा विचार गाडी बनवणाऱ्यांपैकी कोणीच केलेला नाही पण तो वेगळा रिव्ह्यू होईल.

फोन द्यायचाच नाही असलं काही व्रत नाही आमचं. देतो की. पण फोनचं काय होतं, कार्टून लावलं की पोरगं त्यात बुडतं, मग आजऱ्याच्या पुढे रेंज जा-ये करायला लागते, मग ते गोल गोल फिरणारं चक्र बघून रडारड, आणि डाउनलोड करून नेलं तरी काढून घेताना जो तमाशा होतो तो आधीच्या सगळ्या शांततेची व्याजासकट वसुली करतो. म्हणून ह्या वेळी म्हटलं दुसरं काहीतरी बघू, आणि ऑनलाइन शोधून बऱ्याच वस्तू मागवल्या. पाट्या दोन, सीटच्या पाठीला अडकवायचा ट्रेवाला ऑर्गनायझर, मॅग्नेटवाला लुडो, आणि शिवाय मराठी गोष्टी फोनवर डाउनलोड करून ठेवल्या. त्यातली पाटीच खरी कामाला आली म्हणून तिच्याबद्दल जास्त लिहितेय.

तर पाटी. साधी एकरंगी दोनशे-तीनशेच्या मध्ये मिळते, रंगीत रेघा उमटणारी थोडी महाग. वजनाला काहीच नाही, धाकट्याच्या मांडीवर व्यवस्थित बसते. कशी चालते तेही सांगते कारण थोरलीने विचारलं आणि नवऱ्याने शिरवळपर्यंत त्यावर लेक्चर दिलं. दोन पातळ प्लास्टिकच्या शीटमध्ये लिक्विड क्रिस्टल भरलेलं असतं, पेनचा दाब पडला की तिथे त्याची रचना बदलते आणि ते प्रकाश परत फेकायला लागतं म्हणून ती हिरवी-निळी रेघ दिसते. ती रेघ तशीच राहायला बॅटरी लागत नाही, फक्त पुसायचं बटण दाबलं की सेलमधून एक छोटा झटका जातो आणि पाटी कोरी. त्यामुळे एक बटण सेल महिनोन् महिने चालतो, चार्जिंगची भानगड नाही, केबल नाही, गाडीतल्या एकुलत्या चार्जरवरून नवऱ्याच्या मॅपशी भांडण नाही. आणि दाबावर चालत असल्यामुळे पेन हरवलं तरी अडत नाही, आइस्क्रीमची काडी, नख, कशानेही लिहिता येतं. धाकट्याने चकलीच्या तुकड्याने पण लिहून बघितलं, उमटलं, पण नंतर पुसत बसावं लागलं.

आता ह्या सेलचं जरा सिरियसली घ्या. नाण्यासारखा चपटा सेल असतो आणि लहान पोराने तो गिळला तर अन्ननलिकेत अडकून दोन तासांच्या आत आतून भाजायला सुरुवात होते, मग वाट बघत बसायचं नसतं, थेट हॉस्पिटल. म्हणून पाटी आली की पहिल्यांदा मागचं झाकण बघा, त्याला स्क्रू पाहिजेच, नुसतं सरकवायचं झाकण असेल तर परत करा. आमच्या दोन्हींना स्क्रू होता पण एकीचा अर्धवट फिरवलेला, तो नवऱ्याने घट्ट केला आणि वर टेप मारली. खेळण्यांना आपल्याकडे १ जानेवारी २०२१ पासून आयएसआय मार्क सक्तीचा आहे, तो बॉक्सवर आहे का बघायचं. स्टेशनरी म्हणून विकलेल्या पाट्यांवर तो दिसेलच असं नाही त्यामुळे डोळ्यांनी तपासलेलं बरं.

सगळ्यात मोठा प्रॉब्लेम बटणाचा. पाटी पुसली जाते ती सगळीच्या सगळी, एक चूक पुसायची सोय नाही. थोरली मन लावून घर, माड, समुद्र, त्यात होडी, होडीत आजी असं काढत होती, आजीचं नाक चुकलं, ते पुसायचं तर सगळं कोकणच पुसावं लागतं. आणि दुसऱ्याचं बटण दाबता येतं हा शोध धाकट्याला कात्रजचा नवा बोगदा संपायच्या आत लागला. मागे एक लॉकची खिटी असते, ती सरकवली की बटण चालत नाही. ही खिटी नसलेली पाटी भावंडांच्या घरात घेऊच नका, खरंच सांगते, दोन पैसे जास्त गेले तरी चालतील. शिवाय सेलरने दोन पाट्या दोन रंगांच्या पाठवल्या, ऑर्डर करताना निळ्याच दोन सांगितलेल्या, तर एक निळी आणि एक गुलाबी. मग काय, निळी कोणाची ह्यावर कराड आलं.

पण ह्या सगळ्यातून पुढे जे झालं त्यासाठी मी साडेचार देतेय. चित्रं काढून कंटाळा आला की नुसती पाटी म्हणून तिची फार किंमत नाही, अर्धा तास, फार तर पाऊण तास. तिची खरी मजा खिडकीतून दिसणाऱ्या गोष्टींचा हिशोब ठेवायला. म्हणजे खेळ बाहेर आणि स्कोअर पाटीवर.

पहिला खेळ नंबरप्लेटचा. हा तसा सगळेच खेळतात, पण पुणे-कोकण ह्या रूटवर त्यात एक गंमत आहे जी थोरलीने पाटीवर आकडे लिहिता लिहिता पकडली. पुण्याची एमएच १२, साताऱ्याची ११, पुढे कासेगाव-पेठ नाका हा सांगली जिल्हा त्याची १०, कोल्हापूर ०९, आणि शेवटी सिंधुदुर्ग ०७. म्हणजे घरातून निघाल्यापासून उलटी मोजणी चालूच! मधली ०८ रत्नागिरीची, ती आपल्या वाटेत येत नाही, बाजूला राहते. मग ०८ शोधायचा नादच लागला पोरांना. नियम असे केले की त्या त्या जिल्ह्याची गाडी त्याच जिल्ह्यात दिसली तर एक पॉइंट, पुढचा नंबर आधीच दिसला तर दोन, ०८ ला दहा. कराडची ५० आणि पिंपरी-चिंचवडची १४ ह्या मोजणीत बसत नाहीत म्हणून त्यांना शून्य, ह्यावर थोरलीने बराच वाद घातला, तिच्या मते ५० ला पन्नास पॉइंट पाहिजेत. टॅक्सीची पिवळी प्लेट, इलेक्ट्रिक गाडीची हिरवी प्लेट, ह्यांना वेगळे पॉइंट. धाकट्याला अजून जोडाक्षरं येत नाहीत पण आकडे आणि रंग येतात त्यामुळे तो पण खेळू शकतो, हे महत्त्वाचं, कारण ज्या खेळात धाकट्याला जमत नाही तो खेळ दहा मिनिटांत मोडतो.

दुसरा उसाच्या ट्रॉल्यांचा. डिसेंबर म्हणजे कारखाने चालू, कराडच्या पुढे ट्रॅक्टर आणि त्यामागे दोन दोन ट्रॉल्या, ऊस बाहेर लोंबतोय, आणि गाणी इतक्या जोरात की काच बंद असली तरी शब्द कळतात. धाकटा पाटीवर रेघा मारत होता, चार उभ्या आणि पाचवी आडवी, ही मोजायची पद्धत त्याला त्याच दिवशी आली आणि शाळेतल्या वर्कशीटपेक्षा पक्की आली. एका ट्रॅक्टरला दोन ट्रॉल्या असतील तर एक मोजायचा की दोन ह्यावरून पुढच्या सीटवरून सासूबाई पण भांडणात उतरल्या, त्यांच्या मते इंजिन एक तर गाडी एक.

तिसरा खेळ नद्यांचा आणि हा माझा आवडता. ह्या रस्त्याला नद्यांची रांग आहे, नीरा, मग भुईंजला कृष्णा, साताऱ्याच्या अलीकडे वेण्णा, कराडला कोयना, पुढे वारणा, कोल्हापूरच्या तोंडाशी पंचगंगा, कागल सोडलं की दूधगंगा, निपाणीजवळ वेदगंगा. पूल आला की नाव लिहायचं, बोर्ड वाचून, आणि पुलावरून गाडी जाईपर्यंत पाणी दिसलं का सांगायचं. नीरा ओलांडली की पुणे जिल्हा संपला, वारणा ओलांडली की कोल्हापूर जिल्हा लागला, हे भूगोलाच्या पुस्तकातलं वाक्य थोरलीला आता कायमचं लक्षात राहील. संकेश्वरला हिरण्यकेशी लागते आणि मग गडहिंग्लज, आजरा ह्या वाटेला तीच आपल्या आसपास असते, कारण तिचा उगम आंबोलीतच आहे, आपण तिच्या उलट्या दिशेने वर वर चाललेलो असतो. हे सांगितल्यावर थोरलीने पाटीवर एक लांब रेघ काढली, टोकाला डोंगर आणि शेजारी आमची गाडी. ते मात्र बटण दाबायच्या आत मी फोटो काढून ठेवलं. हो, हे लिहायचं राहिलं, पाटीवरचं काही ठेवायचं असेल तर फोटोच काढायचा, सेव्ह वगैरे काही होत नाही.

कोगनोळीचा टोल आला म्हणजे कर्नाटक, बोर्ड कन्नड. इथे पाटीने अनपेक्षित कमाल केली. दोघांनी दुकानांच्या पाट्या बघून कन्नड अक्षरं चितारायला सुरुवात केली, कोणाचं जास्त हुबेहूब. वाचता काहीच येत नाही तरी निपाणीपासून संकेश्वरपर्यंत आवाज नाही. नंतर एका चहाच्या टपरीवर थांबलो तर थोरलीने तिथल्या काकांना पाटी दाखवली, ते हसले आणि म्हणाले की दोन अक्षरं बरोबर आहेत, बाकीची तुझी तू बनवलीस. त्यांनी मग तिचं नाव कन्नडमध्ये लिहून दिलं, ते पुसू द्यायचं नाही म्हणून सावंतवाडीपर्यंत पाटी लॉक. म्हणजे पुढे धाकट्याचीच पाटी दोघांत, काय झालं असेल ते समजून घ्या.

ऊन आणि अंधाराबद्दल. सकाळचं तिरकं ऊन खिडकीतून थेट पाटीवर पडलं की चकाकते, काही दिसत नाही, पाटी जरा तिरपी धरायची. गाडी पार्क करून जेवायला गेलो तर पाटी डॅशबोर्डवर किंवा उन्हात सीटवर ठेवू नका, जास्त तापलं की लिक्विड क्रिस्टलचं काही खरं नाही. आणि तिला स्वतःचा उजेड नसतो. फोनसारखा डोळ्यावर झोत नाही हे चांगलंच, पण डिसेंबरमध्ये पहाटे निघालात तर उजाडेपर्यंत आणि संध्याकाळी सहानंतर ती नुसती काळी फळी आहे. गाडीतला दिवा लावला तर ड्रायव्हरला समोरचं दिसत नाही, नवरा चिडतो, आणि बरोबर चिडतो.

आता घाट. आजऱ्याच्या पुढे रस्ता वळायला लागला आणि मी दोन्ही पाट्या काढून घेतल्या. ह्याचं कारण असं की गाडी लागणं हा पोटाचा नाही, कान आणि डोळ्यांचा मामला आहे. कानाच्या आतलं तोल सांभाळणारं यंत्र सांगतं आपण डावीकडे गेलो, उजवीकडे गेलो, खाली आलो, आणि डोळे पाटीवर खिळलेले, ते सांगतात की सगळं जागच्या जागी आहे. मेंदूला दोघांचा मेळ लागत नाही, मग मळमळ. दोन ते बारा वयाच्या मुलांना हे सगळ्यात जास्त होतं, म्हणजे आमची दोन्ही पोरं बरोबर त्याच वयात. त्यामुळे गाडीतल्या कुठल्याही खेळण्याला माझा एकच प्रश्न असतो, ह्याने मान खाली जाते की वर? मान खाली जाणारं सगळं, पाटी असो, फोन असो, चित्रांचं पुस्तक असो, घाट यायच्या आधी बॅगेत. नंबरप्लेट आणि ट्रॉल्यांच्या खेळात पोरगं वर बघतं, क्षणभर खाली बघून रेघ मारतं, परत वर, म्हणून सपाट रस्त्यावर त्याने कोणाला त्रास झाला नाही, पण सलग चित्र काढत बसलं तर सरळ हायवेला पण धाकटा मध्येच पांढरा पडतो.

सासूबाईंना हे सगळं शास्त्र माहीत नाही पण निष्कर्ष तोच. "भायर बघ रे झिला, खाली मान घालून बसलंस तर ओकतलंस," हे वाक्य आंबोली उतरेपर्यंत चालू होतं. त्यांच्या पिशवीत आलेपाक असतो, तो एकेक तुकडा, काच थोडी खाली, तो गाडीतला गोड वासाचा फ्रेशनर काढून डिकीत, आणि घाटाच्या आधी तळलेलं काही नाही. औषध ज्यांना लागतं त्यांनी आपल्या डॉक्टरला विचारूनच द्या, प्रत्येक औषध लहान मुलांना चालत नाही.

घाटात मग काय चाललं तर तोंडाचे आणि कानाचे खेळ. गावांच्या भेंड्या घेतल्या, ण आला की न आणि ळ आला की ल हा नियम आधी ठरवून टाकायचा, नाहीतर वेरूळपाशी गाडी अडते. आणि सासूबाईंनी दशावतारातला संकासुर करून दाखवला, पुढच्या सीटवरून, समोर बघत, आवाज बदलून बदलून. वेंगुर्ल्याकडे ह्या दिवसांत जत्रा चालू असतात आणि जत्रेत रात्रभर दशावतार, त्यांचं लहानपण त्यात गेलंय. गोष्ट पुढून ऐकू येत असल्यामुळे पोरं आपोआप समोर बघतात, आणि समोर बघितलं की वळण येतंय हे डोळ्यांना पण कळतं. फोनवर डाउनलोड केलेल्या गोष्टी पण ऐकवल्या, त्या बऱ्या होत्या, पण त्यातला निवेदक इतक्या शुद्ध आणि सावकाश बोलतो की धाकटा म्हणाला हे काका आजारी आहेत का. हायवेला दुपारच्या झोपेसाठी मात्र त्या एकदम उपयोगी.

बाकीच्या वस्तूंचं पटकन सांगते. ट्रेवाला ऑर्गनायझर, सहाशे-सातशेचा, घेऊ नका. फोटोत त्या ट्रेवर एक परदेशी मूल शांतपणे चित्रं रंगवत असतं. आपल्याकडे पुढे सासूबाई असतात आणि त्या सीट मागे करतात. सीट मागे झाली की तो ट्रे थेट पोराच्या पोटात. पट्ट्या ढिल्या पडून लोंबतो ते वेगळंच, आणि अचानक ब्रेक लागला तर पोराच्या समोर ती टणक फळी असणं मला मुळीच पटलं नाही. काढून डिकीत टाकला, आल्यावर परत केला, पैसे आले.

मॅग्नेटचा लुडो ठीक आहे, म्हणजे सोंगट्या खरंच घसरत नाहीत, खड्ड्यात पण नाही. पण फासा? फासा कोण सांभाळणार? पहिल्या पाच मिनिटांत सीटखाली गेला आणि तो काढायला थोरली बेल्ट सोडून वाकली. चालत्या गाडीत बेल्ट सोडणं हे आमच्याकडे चालत नाही, आणि कायद्यात पण चौदा वर्षांखालच्या मुलाला बेल्ट किंवा चाइल्ड सीट नसेल तर हजार रुपये दंड आहे, २०१९ च्या दुरुस्तीपासून. ह्यावर उपाय नवऱ्याने काढला, पारदर्शक प्लास्टिकच्या छोट्या डबीत फासा टाकायचा, झाकण लावायचं आणि डबी हलवायची, वरून बघायचं किती पडले. भारी चालतं. पण मान खाली जातेच, आणि सोंगट्यांमधले ते बारीक मॅग्नेट निघतात का हे आधी ओढून बघा, दोन मॅग्नेट पोटात गेले तर आतड्यात एकमेकांना चिकटतात आणि ते फार वाईट असतं. तीन-चार वर्षांचं पोरगं गाडीत असेल तर मी हा आणणारच नाही.

येताना सावंतवाडीला चितारआळीत थांबलो. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी, लाकडी खेळण्यांची दुकानं आहेत ती. पूर्वी पांगाऱ्याच्या लाकडाची करायचे, हलकं असतं ते. धाकट्याला लाकडी भाज्या-फळांचा सेट घेतला आणि परतीच्या रस्त्याला त्याने गाडीत दुकान मांडलं. हे पाटीच्या शेजारी ठेवून बघण्यासारखं आहे, कारण त्यात मान फारशी खाली जात नाही, वांगं हातात, गिऱ्हाईक म्हणजे मी शेजारी, घासाघीस तोंडाने, "ताजं आहे का हो" "अहो सकाळीच आलंय". पाच वर्षांच्या पोराला हे पाटीपेक्षा जास्त वेळ पुरलं. थोरली मात्र दहा मिनिटांत कंटाळली, तिचं वय गेलं त्यातून. गंजिफाचे गोल पत्ते पण बघितले, दशावताराच्या सेटमध्ये दहा अवतारांचे बारा बारा असे १२० पत्ते असतात, हाताने रंगवलेले, सुंदर दिसतात. पण ते पोरांच्या चिकट हातात द्यायला नाहीत, आणि किंमत ऐकून मीच ते हळूच परत ठेवले.

परतीला उशिरा निघाल्यामुळे कराडच्या आसपासच अंधार झाला, पाट्या तिथूनच दप्तरात गेल्या. आता त्या घरी कशा वापरल्या जातायत असं विचाराल तर थोरलीची फ्रीजवर, दूध-भाजीचा हिशोब आणि आजचा डबा काय ते लिहायला, धाकट्याची अजून खेळण्यात. स्क्रीनवर बारीक चरे पडलेत पण चालते. पेनं दोन्ही हरवली.

तर घेणार असाल तर साडेआठ इंचीच घ्या, दहा-बारा इंची गाडीत कोपराला लागते आणि मधल्या माणसाच्या बरगड्यांना पण. दोन घेताना रंग एकच, आणि कागदावर नाव लिहून मागे चिकटवा. रंगीत रेघवाली दिसायला छान पण उन्हात रेघ फिकी दिसते, एकरंगी हिरवी सगळ्यात स्पष्ट. पेन अडकवायची खाच नुसती नावाला असते, पेनच्या टोकाला दोरी बांधा आणि ती पाटीला टेपने लावा, पण दोरी आखूडच ठेवा, लहान पोर असेल तर गळ्यापर्यंत पोचेल इतकी नको. दुकानातून घेत असाल तर तिथल्या तिथे लिहून पुसून बघा, पूर्ण पुसली जाते का की जुन्या रेघांची सावली राहते, लॉकची खिटी लावून बटण दाबून बघा, आणि झाकणाचा स्क्रू नखाने फिरतो का तेही. दुकानदार वैतागेल, वैतागू दे.